तळमजल्याच्या सुलभाताई

"तिसरा मजला घेतलात? अरेरे!"

लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या इमारतीत माझ्या कानावर पडलेलं पहिलं मराठी वाक्य हे. ट्रकमधून सामान उतरत होतं, कपाटाचा आरसा जिन्याच्या वळणावर अडकला होता, आणि आमचे हे नेहमीप्रमाणे ऐन वेळी रेल्वेच्या कुठल्याशा मीटिंगला पळाले होते. लखनौला बदली होऊन आलेल्या बाईला अनोळखी जिन्यात असं अवचित मराठी ऐकू आलं तर खरं म्हणजे तिला भरून यायला हवं. मला धस्स झालं. वाटलं, पाणी वर चढत नसेल. नाहीतर गच्ची गळत असेल.

"का हो? काय झालं?" मी विचारलं.

"झालं काही नाही. लवकर म्हाताऱ्या व्हाल."

तळमजल्याच्या दारात एक बुटकी, गोरी, पांढऱ्याशुभ्र बॉबकटची बाई उभी होती. सुती साडी, वर पुरुषी स्वेटर, आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दल अगदी खरीखुरी कणव. मी सांगलीची. आम्हाला राग यायला मुहूर्त लागत नाही.

"तुमच्याआधी तर नाही ना होणार?" मी फाडकन म्हटलं.

बाईंनी त्याचा गंभीरपणे विचार केला. "माझ्याआधी नाही. पण प्रश्न वेगाचा आहे. वर काळ जोरात चालतो, खाली हळू. जमिनीच्या जितकं जवळ तितका हळू. हे माझं मत नाही, शंभर वर्षांपूर्वी ठरलेलं आहे." मग हमालांकडे वळून म्हणाल्या, "भैया, शीशा पहले तिरछा कीजिए, फिर उठाइए." आरसा सुटला. थोड्या वेळाने सगळ्यांना आल्याचा चहा आला. मी तो रागारागात प्यायले, पण प्यायले.

त्या सुलभाताई देशकर. मूळच्या नागपूरच्या. लखनौच्या एका मुलींच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "राहून गेलं," जसं दळण आणायचं राहून जातं तसं. हिंदी अशी अदबशीर बोलायच्या की भाजीवाला आपणहून कोथिंबीर द्यायचा, आणि मराठी बोलताना मधूनच नागपूर उसळी मारायचं, "काय करून राहिली ग नीता?" मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, म्हणून आठवड्याभरातच 'तुम्ही'ची 'तू' झाले. त्या मात्र माझ्या सुलभाताईच राहिल्या.

पहिले काही महिने मला वाटायचं, बाई थोड्या सटकलेल्या आहेत. पण सटकलेल्या माणसाला आपला मुद्दा पटवून द्यायची घाई असते. यांना ती नव्हती. काळ उंचीवर जोरात चालतो, खाली हळू चालतो, ही त्यांच्या लेखी मीठ खारट असतं तशी गोष्ट होती, आणि मिठाइतकीच ती त्या सगळ्यात घालायच्या.

उदाहरणार्थ लोणचं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मोलकरणीच्या हातून कैरीच्या लोणच्याची बरणी माझ्याकडे वर पाठवून दिली. मी खूश. संध्याकाळी आभार मानायला खाली गेले तर म्हणाल्या, "खायला नाही दिली. मुरायला दिली. तुझ्याकडे लवकर मुरेल."

"अहो सुलभाताई, तीन मजल्यांनी लोणच्याला काय फरक पडतो?"

"पडतो."

"किती?"

"फार कमी. पण आहे. आणि जो आहे त्याला नाही कसं म्हणायचं?"

हे त्यांचं पालुपद. एकदा ताप होता म्हणून मी त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण, सज्जन डॉक्टर. त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, "माताजी, उम्र कितनी लिखूँ?" सुलभाताई म्हणाल्या, "किस ऊँचाई के हिसाब से?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग थर्मामीटर पुन्हा लावला. त्यांना वाटलं ताप डोक्यात गेला. मी घाईघाईने सत्तर-बहात्तर असं काहीतरी सांगून टाकलं तर घरी येईपर्यंत बाई माझ्यावर फुगून होत्या.

दुपारी त्या तासभर सपाट आडव्या पडायच्या, उशीसुद्धा न घेता. कारण दिवसभर उभं राहिलं की डोकं पायांपेक्षा वर असतं, म्हणजे डोक्याचा काळ पुढे पळतो. तासभर आडवं पडलं की तेवढा वेळ तरी सगळं शरीर एका चालीने चालतं. "म्हणून केस आधी पिकतात का हो?" असं मी विचारलं तर चिडल्या. "अडाण्यासारखं बोलू नकोस नीता. केसांचा काही संबंध नाही." म्हणजे लोणच्याचा संबंध आणि केसांचा नाही! पण त्यांच्या मनात ही सीमारेषा अगदी पक्की होती, आणि ती ओलांडणाऱ्याची त्या धडगत ठेवायच्या नाहीत.

घरपोच सामान आणणाऱ्या पोरांना तर त्यांनी भंडावून सोडलं होतं. आमच्या योजनेत सेक्टरांचे आकडे असे विखुरलेत की पत्ता शोधणाऱ्याला रडू यावं. पोरं मोबाइलच्या नकाशावर विसंबून येतात. एकदा एक जण औषधं घेऊन आला. सुलभाताईंनी पाकीट घ्यायचं सोडून त्याला उंबऱ्यात धरलं. "बेटा, आप हमारे घर तक कैसे पहुँचे?"

"लोकेशन से, आंटी."

"और लोकेशन कहाँ से आई? ऊपर सैटेलाइट हैं. उनकी घड़ियाँ हमसे तेज़ चलती हैं, क्योंकि वहाँ पृथ्वी का खिंचाव कम है. रफ़्तार की वजह से थोड़ी सुस्त भी होती हैं, मगर हिसाब जोड़िए तो तेज़ ही निकलती हैं. यह फ़र्क़ रोज़ ठीक न किया जाए तो आप हमारी दवा लेकर शाम तक कानपुर की तरफ़ निकल जाएँ. समझे?"

"जी आंटी. ओटीपी बता दीजिए."

त्यांनी ओटीपी सांगितला, पण दार लावून मला म्हणाल्या, "बघितलंस? या पोराचं पोट काळाच्या फरकावर चाललंय आणि त्याला त्याचं काही नाही." खरोखर वाईट वाटलं होतं त्यांना.

आता एक सांगून टाकते. तळमजल्यावर राहायचं खरं कारण गुडघे. जिन्याची एक पायरी चढताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही. पण गुडघे दुखतात असं म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही. फिजिक्स सांगायला रेटायची. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा मी सवयीने ठेवला.

माझ्या घरी त्या कधी म्हणजे कधी आल्या नाहीत. म्हणून मग संक्रांतीचं माझं हळदीकुंकू मी त्यांच्याच घरी करायला लागले. लखनौत आम्ही मराठी बायका मोजक्या. कुणाचा नवरा एअरफोर्समध्ये, कुणाचा फौजेत, कुणाचा रेल्वेत. त्यात सवाष्ण कोण आणि बिनलग्नाची कोण असं बघत बसलो तर वाण काय भिंतींना द्यायचं? तर त्या वर्षी एअरफोर्सवाल्यांची एक नवीन सून आली होती. तिने बिचारीने साधं विचारलं, "ताई, तुम्ही ते टाइमचं काहीतरी सांगता ना, ते नेमकं काय आहे?" आम्ही बाकीच्यांनी कपाळाला हात लावला.

सुलभाताईंनी तिळगुळाची ताटली पुढे ओढली. "हा अमीनाबादचा बाजार समज. इथे मधोमध गर्दी दाट. इथली रिक्षा मुंगीच्या पावलाने जाते. गर्दीपासून लांबची रिक्षा सुसाट जाते. गुरुत्वाकर्षण म्हणजे ही गर्दी, आणि रिक्षा म्हणजे काळ. गर्दीच्या जवळ असेल त्याचा काळ हळू. बरोबर?"

"हो. म्हणजे तळमजल्यावर राहिलं तर सुरकुत्या कमी पडतात?" सुनेचे डोळे चमकले. बाकीच्या बायकाही सरसावून बसल्या. घरं बदलायचीच वेळ आली होती.

"नाही ग! तुला स्वतःला काहीच वेगळं वाटत नाही. गर्दीतल्या रिक्षातली बाई म्हणते मी ठीक चाललेय, लांबची म्हणते मीही ठीक चाललेय. आपलं घड्याळ आपल्याला नेहमीसारखंच वाटतं. कोण मागे राहिलं, कोण पुढे गेलं, हे केव्हा कळतं? दोघी पुन्हा एका ठिकाणी भेटतील तेव्हा. चारबाग स्टेशनला उतरून समोरासमोर उभ्या राहतील तेव्हा. भेटल्याशिवाय नुसतं बसून काही कळत नाही."

एवढं बोलून त्या ताटलीतल्या वड्या सारख्या करत बसल्या. सगळ्या गेल्यावर मी भांडी आवरत होते तर एकदम म्हणाल्या, "शोभाला तिळाच्या वड्या जमत नाहीत. पाक कच्चा ठेवते."

"शोभा कोण?"

"माझी बहीण. जुळी." आणि लगेच, "मी मोठी."

तर ती शोभा. या दोघी जुळ्या. एकीमागून एक पाव तासाने जन्मल्या. आधी शोभा, मग सुलभा. आता सरळ हिशेबाने शोभा मोठी. पण त्यांच्या नागपूरच्या आजीचं मत वेगळं. आजी म्हणायची, जुळ्यांत जे नंतर बाहेर येतं ते मोठं, कारण ते आधी आत गेलेलं असतं, तळाशी बसलेलं असतं. असं मानणारी माणसं पुष्कळ असतात. आई म्हणायची शोभा मोठी, आजी म्हणायची सुलभा मोठी, आणि वडील जेवण झालं की उठून बाहेर जायचे. परिणाम असा की दोघीही स्वतःला मोठी समजत वाढल्या. एकीनेही दुसरीला आयुष्यात कधी 'ताई' म्हटलं नाही. दोघींना दुसरीकडून नमस्कार हवा होता, आणि दोघींचीही पाठ ताठ.

शोभाबाईंचं लग्न फौजी माणसाशी झालं. रिटायर झाल्यावर नवऱ्याने राणीखेतला डोंगरउतारावर घर बांधलं. तोवर बहिणींचं बरं होतं. बिघडलं ते साठीला. दोघींची साठी एकाच दिवशी, म्हणून नातेवाइकांनी हौसेने नागपूरला घाट घातला. पाटावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. औक्षणाची ताटं तयार. आणि गुरुजींनी सहज विचारलं, "यांच्यात मोठ्या कोण? त्यांना आधी ओवाळू."

झालं! दोघी एकदम म्हणाल्या, "मी."

ओवाळणारी ताट धरून मधोमध उभी. इकडे वळली की तिकडून "हं" येई, तिकडे वळली की इकडून. शेवटी निरांजनातलं तूप संपून वाती विझल्या. दोघी उठल्या, एक एका दाराने गेली, दुसरी दुसऱ्या. त्यानंतर भेट नाही. शोभाबाईंचे यजमान वारले तेव्हा सुलभाताई तापाने आडव्या होत्या, तेही राहून गेलं. बोलणं बंद नव्हतं हं. दर रविवारी फोन असायचा आणि दर रविवारी भांडण असायचं. बंद होतं ते भेटणं.

त्यात यांचं फिजिक्स यांच्याच मुळावर आलेलं. विचार करा, बाई स्वतःला मोठी म्हणवणार, आणि राहणार कुठे? लखनौला, सपाटीवर, तळमजल्यावर. बहीण कुठे? डोंगरावर. म्हणजे बहिणीचा काळ जोरात. म्हणजे दर क्षणाला शोभा मोठी होत चाललेली. सुलभाताई प्रामाणिक होत्या, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा अगदी उतरला होता.

"सुलभाताई, एवढ्या वर्षांत फरक पडला तरी किती असेल?"

"पापणी लवते ना, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नाही."

"मग मरू दे की तो फरक!"

"आम्हा दोघींत दुसरा फरकच कुठे आहे नीता?" त्या म्हणाल्या.

रविवारचा त्यांचा फोन मी खालच्या खोलीत बसून कितीदा ऐकलाय. स्पीकर लावायच्या, कारण कान कमी. "शोभे, तू खाली ये. तिथे तुझा काळ भराभर जाऊन राहिला. इथे माझ्याकडे राहा, दोघींचा सारखा चालेल."

"तू वर ये की! इथे हवा आहे, देवदार आहेत. तुझ्या लखनौत काय आहे, धूळ!"

"मी वर आले तर दोघींचा भराभर जाईल. त्याला अर्थ आहे का?"

"नाहीच आहे. म्हणून तू खालीच राहा!" आणि खाडकन फोन बंद.

एवढी अक्कल असलेली बाई. 'शोभे, ये ग, मला एकटीला करमत नाही' एवढं साधं वाक्य तिला म्हणता येऊ नये? मला राग यायचा, आणि रडूही यायचं. त्यांना ती बहीण हवी होती. बाकी सगळा काळ, वेग आणि उंची, ते नुसतं वरचं वेष्टन. दोघींनी सत्तरी ओलांडलेली, दोघी एकट्या, आणि कोण कुणाकडे जाणार यावर अडून बसलेल्या. कारण आपल्याकडे नमस्काराला धाकट्याने यायचं असतं. जी जाईल ती धाकटी ठरणार.

एका दिवाळीत त्यांनी अमीनाबादहून दोन एकसारखी टेबलावरची घड्याळं आणली. आणली म्हणजे मी आणली. त्या गर्दीत मला दुकानं पालथी घालायला लावली, कारण दोन घड्याळं हुबेहूब हवी होती. दोन्हींचे काटे एकत्र लावून एक आपल्या टेबलावर ठेवलं, दुसरं कुरियरने राणीखेतला.

मी म्हटलं, "ही फुटपाथवरची घड्याळं. ही तर दिवसागणिक आपल्या मर्जीने पुढेमागे होतात. यात तुमचा तो पापणीच्या शंभराव्या हिश्शाचा फरक दिसणार आहे का?"

"छे! कसा दिसेल?"

"मग?"

"पण ताडून बघायला तिला घड्याळ घेऊन यावं तर लागेल ना इथे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.

मी उठून चहाचं आधण ठेवलं. 

पुढच्या रविवारी शोभाबाईंचा फोन. "तुझं घड्याळ मिळालं. हेमाला देऊन टाकलं." हेमा म्हणजे त्यांच्याकडे काम करणारी पहाडी बाई. "तिने कोंबड्यांच्या खुराड्यावर लावलंय."

"खुराड्यावर!" सुलभाताई किंचाळल्या. "ते तर उतारावर, तुझ्या घराच्या खाली!"

"हो. मग आता काय झालं तुझ्या प्रयोगाचं? वय कोंबड्यांचं मोजायचं का माझं?"

त्या दिवशी भांडण इतकं रंगलं की वरच्या मजल्यावरचे तिवारीजी खाली विचारायला आले, "सब ख़ैरियत है न, मैडम?" सुलभाताईंनी फोनवर हात ठेवून, मतभेदाला खास उर्दू शब्द काढून, अत्यंत अदबीने सांगितलं, "जी, बस मुर्गियों की उम्र पर ज़रा इख़्तिलाफ़ है." तिवारीजी जिना चढताना दर पायरीला मागे वळून बघत होते.

असे हसत दिवस चालले होते. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. दार उघडलं तर दारात सुलभाताई. तिसऱ्या मजल्यावर! एका हाताने कठडा धरला होता, ओठ पांढरे पडले होते, साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या. मला वाटलं आता या इथेच कोसळतात.

"अहो! फोन करायचा ना!"

"सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "शोभा पडली. उतारावरून. मांडीचं हाड मोडलंय. हेमाचा फोन होता. हॉस्पिटलमधून घरी आणलंय, प्लास्टर आहे, उठता येत नाही." मग माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "नीता, मी कधी वर येते म्हटलं नाही ग. तिने वर ये म्हटलं होतं मला. दर रविवारी म्हणत होती."

दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी करून आम्ही निघालो. आमचे हे म्हणाले, "तू कशाला? त्यांचे कुणी विद्यार्थी नाहीत का?" मी नुसतं बघितलं, तर त्यांनी उठून डबा भरून दिला.

डोंगराच्या पायथ्याचं काठगोदाम येईपर्यंत सुलभाताई पर्स मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होत्या. घाट लागला आणि त्यांनी पुढची सीट घट्ट धरली. "सुरू झालं. आता जोरात चालायला लागला."

ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, बीस पर ही चला रहा हूँ."

"तुम्हें नहीं कह रही, बेटा. वक़्त को."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.  तोंडात लिंबू धरून मी खिडकीबाहेर डोकं काढून बसले होते. घाट मला बाधतो. दर वळणावर माझं पोट एकीकडे आणि मी दुसरीकडे. अशा अवस्थेत माझ्या पाठीवरून हात फिरवत बाई मला समजावत होत्या की आपण जसजसं वर जातोय तसतसा पृथ्वीचा ओढा किंचित कमी होतोय. मी म्हटलं, "माझ्या पोटाला सांगा." मध्येच म्हणाल्या, "मला भीती कशाची वाटते सांगू? ती फार म्हातारी दिसली तर?"

"तुमच्यासारखीच दिसेल की हो."

"म्हणजे फार म्हातारी," त्या म्हणाल्या.

अंधार पडायच्या आत पोचलो. रस्त्यावरून घराकडे पायवाट खाली उतरत होती. हेमाने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. खोलीत खिडकीशी खाट होती आणि खाटेवर, देवाशप्पथ, सुलभाताईच होत्या. तोच बुटकेपणा, तेच पांढरेशुभ्र केस, तशीच कुणाची तरी कीव करणारी नजर. एक पाय प्लास्टरमध्ये, उशांवर ठेवलेला. क्षणभर मला वाटलं, आमच्या सुलभाताई आम्हाला चुकवून पुढे पळाल्या की काय.

"आलीस?" खाटेवरून आवाज आला. "घाट लागला?"

"नीताला लागला," उंबऱ्यातून सुलभाताई म्हणाल्या.

 मी म्हटलं, आता काढतात या विषय. आता म्हणतात, बघ, समोरासमोर आलो, ताडून बघू. पण त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, खाटेपाशी गेल्या आणि वाकल्या. खुर्चीतून उठायला ज्यांना दोन्ही हातांचा आधार लागायचा त्या बाई खाटेची कड धरून वाकत वाकत पार खाली गेल्या आणि त्यांनी त्या प्लास्टरच्या पायावर डोकं टेकलं.

"मोठी तू," त्या म्हणाल्या. "आई सांगायची तेच खरं. आधी तू आलीस. मी धाकटी, मीच यायला पाहिजे होतं."

शोभाबाई आधी बघतच राहिल्या. मग त्यांनी उशीवरून धडपडून सुलभाताईंच्या खांद्याला धरलं. "ऊठ! ऊठ मेले, मोठी असून पाया पडतेस? दुखलंखुपलं तर मोठी येते धाकटीकडे. धाकटी नाही जात. आजीच बरोबर होती. मोठी तू."

"अजिबात नाही. मोठी तू."

"आता इतक्या लांबून आलीस तरी माझंच खोटं करणार आहेस? मी धाकटी आहे म्हटलं ना!"

"तू नाही, मी धाकटी! तू डोंगरावर राहून आणखी मोठी झालीयेस, हिशेब आहे माझ्याकडे!"

दोघींचे आवाज चढले. दोघींच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. एक खाटेवरून खाली वाकून दुसरीच्या पायांपर्यंत हात पोचवायला बघत होती आणि दुसरी पाय मागे घेत होती. चहाचा ट्रे धरून हेमा दारात खिळली होती. तिने मला हळूच विचारलं, "दीदी, ये लोग लड़ रही हैं क्या?"

"हाँ," मी म्हटलं, आणि पदराने नाक पुसलं. 

सुलभाताई त्यानंतर लखनौला आल्या नाहीत. हाड जुळायला वेळ लागणार होता, आणि ते जुळल्यावर उन्हाळा होता, उन्हाळ्यानंतर काही दुसरं होतं. तळमजल्याची किल्ली माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडते. रविवारी फोन येतो. आता तो मला येतो, आणि दोघी एकदम बोलतात, त्यामुळे मला काही कळत नाही.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, निघताना. हेमाने आणि ड्रायव्हरने मिळून खाट अंगणात उन्हात काढून दिली होती. मी दोघींना नमस्कार केला, दोघींकडून "सावकाश जा", "लिंबू घेतलंस का" वगैरे ऐकलं आणि पायवाट चढून टॅक्सीत बसले. पहिल्या वळणावर रस्ता पुन्हा त्या घराच्या वरच्या अंगाला येतो. मी ड्रायव्हरला थांबवून खाली पाहिलं. खाटेवर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींच्या पायांवर एकच रजई, त्यामुळे प्लास्टर दिसत नव्हतं. ऊन डोळ्यांवर येत होतं. दोन पांढरी डोकी, सारखीच हलत होती, भांडत असणार. इतकी वर्षं रोज बघितलेली बाई, पण खरं सांगते, वरून मला आमच्या सुलभाताई कोणत्या ते ओळखू येईना. मी दोघींनाही हात केला. दोघींनीही केला.